ज्वारीतून आलेला निकाल

तीर्थस्वरूप अक्कास,

गुरुप्रसादचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? आईनं विचारायला सांगितलंय म्हणून नव्हे, मलाही काळजी आहे (लिहिताना थांबलो, निम्मी काळजी आईची आहे असं धर). दाजींना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते पुढं वाचून तूच ठरव. फोन केला असता, पण फोनवर माझ्याकडून गोष्ट गुळगुळीत होते.

आज बेंबळीत चौदा वर्षांखालच्या मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने होते. ठरलेला पंच आला नाही म्हणून होम प्लेटमागं मला उभं केलं, आणि समोर तामलवाडीची टीम घेऊन आपले दाजी. सोयऱ्याच्या सामन्यात पंच होऊ नये, हे मी म्हणालो होतो. बहुतेक हळू म्हणालो. तंटेखोर प्रशिक्षकाचं काय करायचं, ते आम्हाला शिकवलेलं असतं. आधी ऐकू न आल्यासारखं करायचं, मग जवळ जाऊन हळूच ताकीद द्यायची, मग बाकावर बसवायचं, आणि शेवटी मैदानाबाहेर, जिथून तो दिसणार नाही आणि ऐकूही येणार नाही. घरच्या जावयाचं काय करायचं, ते शिकवलेलं नाही. दाजी सुरुवातीपासून ओरडत होते, "गुरू, डोळे घरी ठिवून आलास व्हय?" कडेला बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "दाजी हाय त्येचा. सांभाळून घेतंय बघ." ते मला फार लागलं. मग दाजी इतके जवळ येऊन ओरडले की दुसऱ्या टीमची चेंडू टाकणारी पिचर पोरगी रडायला लागली. जावयाला 'जा' म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून मी "या आता, दाजी" म्हणालो. ते आणखी जवळ आले. शेवटी हात करून त्यांना बाहेर काढलं. ते मैदानामागच्या ज्वारीतल्या पायवाटेनं गेले. ज्वारी डोक्याच्या वर होती, दिसेनासे झाले.

ऐकू येणं मात्र थांबलं नाही. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि ज्वारीतून दाजींचा आवाज आला, अगदी शांत, "स्ट्राइक." चेंडू अजून पिचरच्या हातात होता. तो बरोबर प्लेटवरून आला, स्ट्राइकच होता. मग "बॉल" ऐकू आलं, तर चेंडू प्लेटच्या बाहेरून गेला, बॉलच. शिवी नाही, टोमणा नाही (दाजींच्या तोंडून एवढा सभ्यपणा ऐकून तेव्हाच घाम फुटायला हवा होता). एकाही मुलीची मान तिकडं वळली नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी चेंडूकडं बघायचं सोडून आवाजाची वाट बघतोय. गुण लिहिणाऱ्या लीलाताई म्हणाल्या, "सर, कुणाला विचारून सांगताय?"

शेवटच्या डावात बरोबरी असताना तुमच्या गल्लीतली शिवांजली घसरत होमला आली. धुळीत तिचा पाय आधी प्लेटला टेकलेला मला दिसला. ज्वारीतून आलं, "आऊट." मी मूठ वर केली. पुढं दुसऱ्या टीमनं एक धाव काढली आणि तामलवाडीचा सामना गेला. ती भांडली नाही. अंगावरची धूळ न झटकता नुसती माझ्याकडं बघत राहिली.

नंतर मी ज्वारीत शिरलो. पायवाट संपून स्टँड आला, तरी वाटेत कुणी नाही. चहावाला माणिकप्पा म्हणाला, "तुमचे पावणे व्हय? ते कवाच तुळजापूरच्या गाडीत बसले की. लई तापले होते, चहा बी अर्धाच पेले." म्हणजे मला ऐकू येत होतं, तेव्हा ते गाडीत होते.

हे तामलवाडीच्या जीपवाल्याकडं देतोय. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
गुरू

ता. क. अक्का, दाजींनी आपल्या टीमच्या पोरीला जन्मात आऊट दिलं असतं का? तो आवाज त्यांचा असता तर 'सेफ' म्हणाला असता. म्हाताऱ्याला खोटं पाडायची घाई त्यांना नव्हती, मला होती.

आणखी एक. आईनं दाजींना रविवारी ईटला घरी हुरड्याला बोलावलंय. शिवांजलीलाही बरोबर आण. निकाल बदलत नाही, पण ती सेफ होती हे मला तिला समोर सांगायचंय. दाजींना म्हणावं, वाटेपासूनच ओरडत या. ते ओरडत असले, की तेच आहेत एवढं तरी कळतं.