जीपनीतल्या संतांची चुंबकं

२२ फेब्रुवारी २०१५, रविवार
सिगरेट बंद. कायमची. (जानेवारीतली बंदी ही चाचणी होती.) यापुढे फक्त व्हेप, आणि तोही दुकानातला नाही, माझ्याच लेथवर घडवलेला मॉड. तांब्याची नळी, आत बॅटरी, बुडाला बटण. बटण दाबलं की वाफ. मध्ये सर्किट नाही, अक्कल नाही. अक्कल माझी.

दुसरा पोंसोसाठी. पोंसो माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना ‘पारे’ म्हणतो. इमुस ते झापोते जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांब जीप, चालवतो आणि दिवसाला दोन पाकिटं ओढतो. डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो पाहून नुसती मान हलवली. त्याची बायको निता वर्कशॉपमध्ये येऊन सांगून गेली, की तो फक्त तुमचं ऐकतो. खरं आहे ते.

१ मार्च, रविवार
बटणाखालची स्प्रिंग तापून बसते. अख्ख्या काविते प्रांतातल्या मॉडवाल्यांची हीच रड. माझा उपाय: स्प्रिंगच नको. दोन गोल चुंबकं, सारखी टोकं समोरासमोर. ती एकमेकांना ढकलतात, बटण अधांतरी राहतं. डोडोंग अशी चुंबकं विकतो, किती उष्णता सोसतात त्याचा आकडा छापलेली. आकडे वाचून काम करणारे कारकून असतात.

४ मार्च, बुधवार
चुंबकं मिळाली! पोंसोच्या डॅशबोर्डवर बाळ येशू आणि मारिया उभे असतात, दोघांच्या बुडाखाली एकेक गोल चुंबक. तंतोतंत सारखी. ती काढून घेतली आणि मूर्ती इपॉक्सीने चिकटवल्या. पोंसो जरा घुटमळला. मी समजावलं, की फादरने मूर्तीवर पाणी शिंपडलं तेव्हा चुंबकही तिथेच होतं, त्यालाही लागलंच असणार. पटलं त्याला. माझ्या मॉडला पहिल्यासारखीच स्प्रिंग. आधी पारेचं भलं.

बायकोने, लुर्देसने, विचारलं, भाताच्या कुकरला वाफ जायला भोक असतं, याला का नाही? मी वीस मिनिटं समजावलं. दुसऱ्या मिनिटाला ती कपडे वाळत घालायला गेली होती. भोक पाडलं असतं तर नळीवर कोरलेलं ‘क्रिस्पुलो’ मधोमध फुटलं असतं. खिशात बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कुलूप-कडी लावतात, तीही ठेवली नाही. शोभत नाही.

८ मार्च, रविवार
मॉडवाल्यांचा मेळावा. डोडोंगने पोंसोचा मॉड उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ही चुंबकं किती तापमान सोसतात, तापली की जोर जातो ना? मी म्हटलं, आशीर्वादाची आहेत. सगळे हसले. जळतात.
तिथूनच मॉड पोंसोच्या हातात दिला.

१७ मार्च, मंगळवार
पोंसोची सिगरेट सुटून नऊ दिवस. निताने डबाभर पान्सित नूडल्स पाठवल्या, वर लिंबं. चिठ्ठीत लिहिलंय, की तो आता रात्रभर खोकत नाही. दोनदा वाचली.
मी स्वतः तीन ओढल्या. अभ्यास म्हणून. फरक कळायला हवा.

२३ मार्च, सोमवार
पोंसोची तक्रार: दुपारी बटण झोपतं, सकाळी पुन्हा उठतं. मी सांगितलं, अंगठ्याला घाम येत असेल. हा माणूस इंजिनाच्या उरावर बसून दिवस काढतो, मॉड पँटच्या खिशात, आणि दोष माझ्या बटणाला.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
बटण आता सकाळीही ढिलं. नवी चुंबकं घ्यायची म्हणजे डोडोंगकडून घ्यायची. म्हणजे तो हसणार.
मार्ग पोंसोनेच काढला. त्याच्या वडिलांचा गळ्यातला ताईत दर गुड फ्रायडेला पुन्हा ‘भरतात’, प्रार्थना म्हणून. तशीच चुंबकंही भरून येतील. मी यंत्रातला माणूस आहे. पण नाही म्हटलं नाही. शुक्रवारी आण म्हटलं, तोवर वापरत राहा, उघडू नको.

१ एप्रिल, पवित्र बुधवार
सुट्टीआधीची शेवटची फेरी. गावी निघालेल्यांनी गाडी गच्च भरलेली. साडेअकराला, पुलाच्या अलीकडे, खिशात बटण बसलं ते उठलंच नाही, आतली बॅटरी तापत गेली. पोंसोने गिअरवरचा उजवा हात काढून खिशात घातला. तेवढ्यात नळी फुटली. शेजारच्या बाईने स्टिअरिंग ओढलं म्हणून गाडी कलिंगडांच्या ढिगात थांबली. बाकी कुणाला लागलं नाही.
नोंदीसाठी: नळी मागच्या बाजूने फाटली. नाव शाबूत आहे.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
हॉस्पिटल. मांडी भाजलेली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नाहीत. मी म्हटलं, उन्हाळा यंदा जरा जास्तच आहे. मग पोंसोने विचारलं,
“पारे, गिअर कुठल्या हाताने टाकतात?”
मी सांगितलं, लेथवर खास दांडा करून देतो, तळव्याने ढकलता येईल असा. डोक्यात नकाशाही तयार होता. निता उठली आणि मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिली.

२० एप्रिल, सोमवार
जीपनी विकली. घेणाऱ्याला मूर्ती नको होत्या, पोंसोला हव्या होत्या. चिकटवल्या मी, म्हणून काढायला मलाच बोलावलं. मारिया तासाभराने निघाली. बाळ येशू निघेना. मी घडवलेल्यापैकी एवढंच काय ते पक्कं निघालं. शेवटी तो घोट्यात मोडला. पावलं डॅशबोर्डवरच राहिली, गाडीबरोबर गेली.

उरलेलं रुमालात गुंडाळून घरी नेऊन दिलं. निताने गाठ न सोडता टेबलावर ठेवलं. पोंसो खिडकीशी बसला होता, ओठांत सिगरेट. काडेपेटीला दोन हात लागतात. खोकत तो म्हणाला, “पारे, आग आहे?”
खिशात हात घातला. लायटर लगेच सापडला.