लोर्ना हॉकिंगची धावपट्टी आणि तिची शेवटची शोधवेळ

मी, लोर्ना आयव्ही हॉकिंग, कै. क्लॅरी हॉकिंग यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा शेती, छंद विमान चालवणे, राहणार कुराबिनजवळ, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला फक्त तारीख आणि वार विचारला. वाऱ्याची दिशा आणि वेग मी आपणहून सांगितला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणायचा प्रयत्न काहींनी केला, त्यांची नावे पुढे येतीलच.

कलम १. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. पहिले नवरा गेल्यावर रडत लिहिले होते, दुसरे माझा उडण्यातला जुना सोबती डेस फिट्झनर याच्यावर चिडून, तिसरे मुलीवर चिडून. हे चौथे कोणावरही न चिडता लिहिले आहे, म्हणून हेच शेवटचे धरावे.

कलम २. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून कुराबिनच्या वकील मिस ऑड्री टॅन यांना मी नेमते. त्यांना विमानात बसले की उलटी होते, त्यामुळे त्या निःपक्षपाती राहतील.

कलम ३. घर, दोन हजार एकर जमीन, मेंढ्या, कापणीचे यंत्र, दोन्ही पिकअप गाड्या आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती एक मुलगी जॅनीन हिला मिळावे. गेली वीस वर्षे शेत तीच करते आणि माझ्यापेक्षा चांगले करते. हे तिच्या तोंडावर मी कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. यातून फक्त घरामागची धावपट्टी वगळली आहे. नऊशे मीटर लांब, तीस मीटर रुंद, सहा-सात एकर सपाट जमीन. ती ठेवायची की नांगरून बार्ली पेरायची, हा आम्हा मायलेकींचा चाळीस वर्षांचा वाद आहे. त्याचा निकाल कलम ७ मध्ये दिला आहे. जॅनीन, लगेच तिथे उडी मारू नकोस, क्रमाने वाच.

कलम ४. माझे विमान ‘मेव्हिस’, कापडी पंखांचे, दोन आसनांचे, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, हे आमच्या कुराबिन फ्लाइंग क्लबला द्यावे. क्लबात पाच माणसे आहेत आणि त्यातल्या तिघांना दोन गुडघे धड नाहीत, पण क्लब तो क्लब. डावे दार दोरीने बांधावे लागते. थंडीत सुरू होत नसेल तर शिव्या देऊ नयेत, तिला कळते. उजव्या बाजूचे आसन दर रविवारी सकाळी डेस फिट्झनरसाठी राखून ठेवावे. हृदयाच्या दुखण्याने त्याचा परवाना गेला आहे, जीभ गेलेली नाही. चालवणाऱ्याने त्याची टीका सहन करावी. उतरल्यावर त्याला बेकन-अंड्याचा रोल द्यावा, कांदा जास्त घालून.

कलम ५. बैठकीच्या खोलीतला भिंतीवरचा नकाशा डेसलाच द्यावा, कारण त्याला नकाशाची गरज सर्वांत जास्त आहे. त्यावर आम्ही केलेल्या प्रत्येक प्रवासाची पेन्सिलची रेघ आहे. लेक आयर या एरवी कोरड्या मिठाच्या तळ्यात पाणी भरले ते वर्ष आहे, तेव्हा आम्ही हजारो पेलिकन पक्ष्यांच्या वरून गेलो आणि डेस रेडिओवर लहान मुलासारखा किंचाळला. देशाच्या उत्तर टोकाची, केप यॉर्कची रेघ आहे; चार विमाने, एकवीस दिवस, रोज पंखाखाली झोप. त्याच प्रवासात एक रेघ मध्येच पश्चिमेला वाकडी जाते. त्या दिवशी पुढे डेस होता. तो आगगाडीच्या रुळांवरून चालला होता, रुळांना फाटा फुटला आणि हा भलत्याच फाट्याने गेला. आम्ही तिघे मुकाट्याने मागे. उतरलो तर तिथे कोणाचे तरी लग्न चालले होते. मी विचारले,

“डेस्या, हे कुठलं गाव?”

“मला काय ठाऊक! पण कोकरू भाजल्याचा वास येतोय. वास बरोबर आहे म्हणजे गाव बरोबर आहे.”

आम्ही जेवलो, नाचलो आणि दुसऱ्या दिवशी नवरीच्या आजीला विमानातून फिरवून आणले. त्या आजी नाताळाला मला कार्ड पाठवत असत. चुकलेला रस्ता इतका कामी आलेला मी दुसरा पाहिला नाही.

कलम ६. अचूक उतरण्याच्या स्पर्धेचा १९९१ सालचा चषक. जमिनीवर चुन्याची रेघ मारतात, इंजिन मंद करून तिच्यावर चाके टेकवायची असतात. मी रेघेच्या एक हात पलीकडे टेकले, डेस दीड हात. तो म्हणतो मोजणारा तिरळा होता. चौतीस वर्षे तो हेच म्हणतो आहे. हा चषक मी त्याला देते, मात्र त्यावरचे माझे नाव खरवडले तर चषक परत घ्यावा. डेसला या कागदावर साक्षीदार व्हायची फार हौस होती. मिस टॅन यांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. यावर तो म्हणाला, “मग लोर्ने, चषक राहू दे, सही करू दे.” मी म्हणाले, “चषक घे आणि गप्प बस.”

कलम ७. धावपट्टी. यासाठी आधी माझा गुन्हा लिहावा लागेल.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे लांबच्या प्रवासाला निघताना आम्ही विमानांच्या शोध-कचेरीला फोन करून एक वेळ देतो. तिला आम्ही शोधवेळ म्हणतो. पोहोचल्यावर त्या वेळेआधी परत फोन करून ती रद्द करायची. नाही केली तर तुमचे विमान पडले असे धरून शोध सुरू होतो. सगळे एका फोनवर चालते, आणि विसरण्यासारखे पाप दुसरे नाही.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये मी उत्तरेला दोन तासांवरच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर पंपाचा सुटा भाग पोहोचवायला गेले. शोधवेळ चारची दिली होती. अडीचला उतरले. तिथे लोकर कातरणाऱ्यांचे जेवण चालले होते. मला बसवले, मटणाचे चॉप्स वाढले, मग पुडिंग, मग पत्ते निघाले. मी जिंकत होते. चार वाजून गेले ते मला कळलेच नाही.

साडेचारला आमच्या घरचा फोन वाजला. क्लॅरी शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. फोन अकरा वर्षांच्या जॅनीनने घेतला. पलीकडच्या माणसाने विचारले, “बाळ, तुझी आई घरी आली का?” ती धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि अंधार पडून गेल्यावरही हलली नाही. डेस मला शोधायला उडाला. चकाकणारा एक पत्रा त्याला माझ्या विमानाची काच वाटला, तिथे उतरताना त्याचे चाक खुंटावर आपटून मोडले. सहाच्या सुमारास कोणाला तरी त्या फार्मवर फोन करायचे सुचले, तेव्हा माझ्या हातात तीन एक्के होते.

दुसऱ्या सकाळी मी घरी उतरले. जॅनीन तिथेच होती, हाताची घडी घालून. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती एवढेच म्हणाली, “जेवण झालं का तुझं?”

त्यानंतर तिने विमानात पाय ठेवला नाही. पुढच्या वर्षापासून दर पेरणीला म्हणायची, “आई, तू थकलीस की त्या पट्टीवर मी पहिल्याच दिवशी बार्ली पेरणार.” मी भांडत राहिले. माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर रडले असते, आणि रडणारी बाई विमान चालवते यावर तेव्हा इथे लोक हसत. जॅनीन, मी आता मागते. माझे चुकले. चॉप्सही काही एवढे चांगले नव्हते.

डेसने मात्र बोलून दाखवले. “लोर्ने, परत विसरलीस तर मी येणार नाही शोधायला.” त्या दिवसापासून तो स्वतः मनगटावर पेनाने वेळ लिहायचा आणि उतरल्यावर टोपी काढायच्या आधी फोन करायचा.

म्हणून २००३ च्या मे महिन्यात त्याची तीनची वेळ टळली, तेव्हा क्लबातले सगळे हसत होते आणि मी हसले नाही.

“विसरला असेल गं. कुठेतरी चहा ढोसत बसला असेल, तुझ्यासारखा.”

“डेस विसरत नाही,” मी म्हणाले. “माझ्यामुळे विसरत नाही.”

मोठी शोधविमाने शहरातून यायला दोन तास लागणार होते, आणि अंधार पडायला अडीच. मेव्हिसच्या टाकीत मी इंधन भरत होते तेवढ्यात जॅनीन पिकअप घेऊन आली. तीस वर्षांची झाली होती. मला वाटले, आता अडवणार. पट्टीवर मेंढ्या पसरल्या होत्या, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, “जा तू. यांना मी हाकलते. आणि आई, परत ये.”

मी डेसची नेहमीची वाट धरली नाही. आमच्याकडेही आगगाडीच्या रुळांना जिथे फाटा फुटतो तिथे पश्चिमेला वळले, कारण माणूस बदलला तरी त्याची चुकायची दिशा बदलत नाही. पन्नास मिनिटांनी मिठाच्या तळ्याच्या काठावर काहीतरी लुकलुकले. दाढी करायचा आरसा होता. विमानाचे नाक चिखलात रुतलेले, डेस पंखाच्या सावलीत, पाय मोडलेला. कडेच्या टणक जमिनीवर मी मेव्हिस टेकवली. एक हात पलीकडेसुद्धा नाही, नेमकी जिथे हवी तिथे. त्याला काखेत धरून ओढत आणले.

“एवढा वेळ?” तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. “चॉप्स खात होतीस का?”

“बेशुद्ध हो डेस्या, मला काम करू दे.”

घराजवळ आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. आमच्या पट्टीला दिवे नाहीत. पण तिच्या टोकाला एका गाडीचे दिवे लागलेले होते, बरोबर मधोमध, वाऱ्याच्या बाजूला तोंड करून. जॅनीनला हे कोणी शिकवले नव्हते. एकोणीस वर्षे ती त्या पट्टीचा राग करत होती आणि तिला तिचा प्रत्येक खड्डा पाठ होता. मी उतरले. शेवटच्या उजेडाला, म्हणजे कायद्याने उतरायची मुभा संपायला, चार मिनिटे बाकी होती असे मी नोंदवहीत लिहिले आहे, आणि तेच खरे मानावे. मी घरात फोनकडे धावले तर जॅनीन गाडीने आधीच पोहोचली होती आणि फोन तिच्या हातात होता. “माझी आई उतरली,” ती म्हणत होती. “दोघंही आहेत. शोध थांबवा.” तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. आयुष्यात मी त्याहून सुंदर काही ऐकलेले नाही.

तरी पुढच्या पेरणीला पुन्हा बार्लीचा विषय निघालाच. म्हणून या मृत्युपत्रासाठी मिस टॅन यांनी मला एक अट लिहून दिली होती: वीस वर्षे पट्टी नांगरू नये, नांगरल्यास ती क्लबच्या मालकीची होईल. अट मजबूत होती. मी सही करणारच होते.

आता वाऱ्याच्या बाहीबद्दल. पट्टीच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी बाही असते. इथल्या उन्हात ती वर्षभरात फाटते. खुब्याचे हाड बदलल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, मला शिडी चढता येत नाही. तरी दर सप्टेंबरला खांबावर नवी कोरी बाही लागते. हे डेसचे काम म्हणून मी दर वर्षी त्याला बिअरचे खोके पाठवते. गेल्या ऑगस्टमध्ये मी त्याचे आभार मानले तर म्हातारा खो खो हसत सुटला.

“मी? खांबावर? माझे गुडघे बघ बये!”

“मग अकरा वर्षं बिअर कशाला प्यायलास?”

“तू पाठवत होतीस. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.”

सप्टेंबरात मी दुर्बीण घेऊन न्हाणीघराच्या खिडकीशी बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे जॅनीन शिडीवर होती. तोंडात सुतळी, हातात नवी बाही. जुनी तिने तिथेच टाकली, ती मी नंतर उचलून आणली. तिच्या कापणीच्या जुन्या नारिंगी कोटांची शिवलेली होती. त्यावर एक खिसा तसाच राहिला होता, बटणासकट.

तर जॅनीन, तू पकडली गेलीस. जिला बार्ली पेरायची असते ती वारा कुठून येतो हे बघायला बाही शिवत नाही. मिस टॅन यांची अट मी आज खोडली आहे. खोडल्याच्या जागी माझी छोटी सही आहे. धावपट्टी मी माझी मुलगी जॅनीन हिला देते, कोणत्याही अटीशिवाय, नांगरायच्या पूर्ण अधिकारासह. चाळीस वर्षांचा वाद मी जिंकले आहे. जिंकल्यावर अटी कशाला घालायच्या?

कलम ८. अंत्यसंस्कार साधे असावेत. चहा कडक असावा. भाषण डेसने करू नये, तो १९९१ वर येईल.

कलम ९. ही शेवटची इच्छा, आणि ही मात्र पाळावीच. मी गेले की जॅनीनने धावपट्टीच्या टोकाला, बाहीखाली, पिकअप उभी करावी आणि क्लबाच्या वाहिनीवर रेडिओ लावावा. डेस ऐकत असेल, तो नेहमीच ऐकत असतो. तिने माझे पूर्ण नाव घ्यावे आणि सांगावे की ती उतरली, शोध थांबवा. वेळ मी आधीच देऊन ठेवते: जेव्हा येईल तेव्हा. एकदा मी फोन करायला विसरले होते. या वेळी लेखी देते आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि मला ते आवडले.

स्थळ: हॉकिंग फार्म, कुराबिन
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५. वारा नैर्ऋत्येचा, मंद. आकाश निरभ्र.

सही: लोर्ना आयव्ही हॉकिंग

आमच्या दोघांच्या समक्ष वरील बाईंनी सही केली, तेव्हा त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि सही झाल्यावर लगेच विमानाकडे गेल्या:

१. केथ ओ’डिया, पशुवैद्य, कुराबिन
२. मार्गो शुल्झ, पोस्टमास्तर, कुराबिन

(मला साक्षीदार होता येत नाही हे ठाऊक आहे. तरी नोंद असावी की मोजणारा तिरळा होता. रेडिओ मी चालू ठेवीन. — डेस फिट्झनर)