दिसणारा जोड

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण परांचीवर बसून लिहितेय.

जुन्या वाचनालयाच्या छताची डागडुजी चाललीय. बोटाने वाजवून गिलावा कुठे पोकळ आहे ते मी सांगते, म्हणून काम बघणाऱ्या मोठ्या बाईंचा माझ्यावर भरवसा आहे. परवा मात्र बोलणी खाल्ली. छतावरचं तुटलेलं चुन्याचं फूल मी तुम्ही शिकवलंत तसं जोडलं. जोड शोधून सापडेना. बाई म्हणाल्या, "जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे बघणाऱ्याला कळायला हवं. लपवलेली दुरुस्ती म्हणजे थाप."

सगळं खरवडून पुन्हा केलं, किंचित फिकट. आता जोड दिसतो. तुमच्यातला गवंडी कपाळाला हात लावेल, पण मला पटलंय.

खोकला कसा आहे? आईने तंबाखू अजून लपवूनच ठेवलाय ना?

आणि वर परांचीची थाप मारली, ती मागे घेते. पत्रा लागून उजव्या मनगटाला पाच टाके पडलेत. डॉक्टर म्हणाले, व्रण राहील. राहू दे. जोड पक्का आहे.

तुमच्याच हाताखालची,
धाकटी