मी सांगेपर्यंत

२ फेब्रुवारी २००६, गुरुवार

आज सकाळी साडेदहा वाजता रहमतुल्ला चाचांनी गाळ्याचं कुलूप काढलं, कोपऱ्यातली ताडपत्री ओढली आणि माझं आयुष्य बदललं. खाली फियाट होती. चौऱ्याऐंशी सालची. एकेकाळी पांढरी असावी. चारही टायर बसलेले, बॉनेटवर कापसाच्या तुसाचा बोटभर थर. नारपोलीच्या या गाळ्यात चाचांचे आठ पॉवरलूम होते. ते भंगारात गेले, गाडी तेवढी राहिली. चाचा म्हणाले, चालू करून दाखव, तुझी. तोवर इथंच झोप, गाळ्याला राखण होईल.

मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून आलोय. पश्चात्ताप शून्य. तिथले सर फळ्यावर इंजिन काढायचे. त्यातल्या एकाला जरी पंक्चर काढता आलं असतं तरी मी पाया पडलो असतो.

सव्वीस तारखेला, रविवारी, कामतघरला दिपालीचा साखरपुडा. नवरा देवेश. बापानं कशेळीची जमीन गोडाऊनला दिली, एवढंच याचं कर्तृत्व. नवी गाडी घेतलीय, सीटवरचं प्लास्टिक काढवत नाही, आणि रिव्हर्स घेताना बापाला खाली उतरवून विचारतो, आणखी किती. दिपाली मला म्हणाली होती, तू स्वतःची गाडी घेऊन ये, मग बघ मी बसते की न्हाय. हसत म्हणाली. पण म्हणाली.

चोवीस दिवस. भरपूर झाले.

७ फेब्रुवारी, मंगळवार

कार्बोरेटर रॉकेलात धुतला, प्लग आणि पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. नाक्यावरचा मिस्त्री बघायला आला आणि पान चघळत म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. याला सर्दी झालेला माणूस दाखवला तरी हा इंजिनच उतरवेल. चाचांच्या टेम्पोची बॅटरी लावली. तिसऱ्या किल्लीला गाडी खोकत उठली. शेजारच्या गाळ्यातले कारागीर लूम सोडून बघायला आले. मिस्त्री आला नाही.

ब्रेक मात्र नाही. पेडल दाबलं की थेट तळाला. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, आणि खालच्या मॅटवर टाचेचा खड्डा आहे. लहान टाच, बाईची असावी. एकाच जागी किती वेळ टेकवली तर रबरी मॅटला खड्डा पडेल? असो. जुन्या गाडीत काय काय निघतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

ब्रेक खोलून आतली रबरं बदलली, नवं ऑइल भरलं. आता पाइपातली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली झोपून चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, ढिलं करायचं, बुडबुडे गेले की कसायचं, आणि मग म्हणायचं, सोड. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत. काम बैलाला जमेल असं. पण इथं ज्याला बोलवावं तो मलाच शिकवायला लागतो.

चाचांनी जुन्या लूमचे लाकडी ठोकळे पाठवले. म्हणाले, पोरा, नुसत्या जॅकवर भरोसा नको, खाली लकडी लाव. म्हाताऱ्यांना घाबरण्याशिवाय उद्योग नसतो. ठोकळे चुलीत घातले. चहा फक्कड झाला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवून बघितली. सटकते. चौथ्यांदा सटकली तेव्हा मी गाडीखालूनच ओरडलो, दाब ना, पायाला मेंदी लागलीय का.

निप्पलमधून ऑइलची चिळकांडी आली. बुडबुड्यांसकट.

निप्पल घट्ट केलं. सोड म्हटलं. वर टक असा आवाज झाला, पेडल उठल्याचा. मागचं डावं चाक झालं. बाहेर आलो तर कुणी नव्हतं. चाचा येऊन गेले असणार. चारी बाजूंनी लूम धडधडत असतात, इथं पावलं ऐकू येत नाहीत.

दिपालीला मिस कॉल दिला, तिचा फोन आला. गाडी होतेय म्हटलं. खरंच का, असं तिनं दोनदा विचारलं. या वेळी हसली नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

लूमची सुट्टी. अख्खी नारपोली गप्प. नमाजनंतर चाचा आले. मंगळवारी मदत केलीत, सांगायचं तरी, असं म्हटलं. ते म्हणाले, मी तर मंगळवारी कल्याणला होतो. मग गाडीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं.

गाडी मूळची कशेळीच्या पंढरीची. हाताचा हुशार, जबानचा एकदम खराब. एका दुपारी त्यानं बायकोला, मैनाला, सीटवर बसवलं आणि दम दिला, मी सांगेपर्यंत पाय उचललास तर बघ. खाली लाकूड लावलं नव्हतं. जॅक सटकला. मैनाला आवाज आला होता. पण विचारायची हिंमत झाली नाही. लोक आले तेव्हा संध्याकाळ झालेली. पंढरीला बाहेर काढलं तरी हिचा पाय उचलेना, दोन बायांनी धरून उचलला. पुढे दोन वर्षं माहेरी खाटेवर बसायची, उजवा पाय जमिनीला दाबून. तशीच गेली.

चाचा म्हणाले, गाडी राहू दे, बेटा.

बिनडोक बाई. उतरून बघायला काय झालं होतं?

२० फेब्रुवारी, सोमवार

दाब म्हटलं की दाबते. धर म्हटलं की धरते. मागचं उजवं चाक झालं. कॉलेजातल्या पोरांपेक्षा बरी, उलट बोलत नाही. एकदा उशीर झाला तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. नंतर एकदम झटकन दाबलं.

दिपालीला गंमत म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, उतरून बघायची तिची टाप होती का? आणि म्हणाली, तू माझ्याशीपण असाच बोलतोस, तुला कळतं का. मी म्हटलं, मग जा देवेशकडे. ती म्हणाली, तिकडंही बसायचंच हाय, इकडंही बसायचंच. निदान जागा मी निवडते. शुक्रवारी येते.

शुक्रवारी येते!

२२ फेब्रुवारी, बुधवार

पुढचं डावं चाक. दाब म्हटलं, धर म्हटलं, आणि लाइट गेली. सगळे लूम एका झटक्यात बंद. त्या शांततेत वर सीटवर कुणीतरी धापा टाकत होतं. हळू. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

निप्पल कसून बाहेर सटकलो. टपरीवर दोन चहा. तासाभरानं परत.

पेडल तळाशी होतं. सीट रिकामी. आणि पेडल थरथरत होतं, थकलेला पाय थरथरतो तसं.

सोड म्हटलं. नाही. ओरडलो. नाही. शेवटी गाडीखाली जाऊन उताणा पडलो, खालून म्हटलं. तेव्हा— टक.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीला हात लावला नाही. पुढचं उजवं चाक काढून ठेवलंय, तेवढंच राहिलंय. त्याच चाकाखाली असेल का पंढरी—

चाचांना विचारलं नाही. विचारणार नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अकरा. दिपाली आली. एक बॅग, चप्पल हातात. गाडी बघून म्हणाली, ही? मग हसली. सगळं ठीक होणार. आता जिवंत माणूस आहे पेडलवर. दहा मिनिटांचं काम. मग निघायचं.

पाऊण वाजला.

मी खाली होतो. दाब म्हटलं, धर म्हटलं, मी सांगेपर्यंत सोडू नको. छान चाललं होतं. निप्पल कसताना जॅक बोटभर सरकला. मी— कसा बाहेर आलो माहीत नाही. कोपर सोललं.

सोड म्हणायचं राहिलं.

बाहेरून सांगतोय. सोड, दिपाली, झालं. ती समोर बघतेय. टाच त्या खड्ड्यात. बरोबर बसलीय. हात धरून ओढलं, हलत नाही. म्हणाली, खालून सांगा. तिचाच आवाज. दमलेला.

लूम बंद. तिच्या पायाचं थरथरणं ऐकू येतंय.

खाली जायला हवं. एक शब्द. जॅक तिरका झालाय, चाक बसत नाही, लाकूड— लाकूड मी जाळलं.

दोनदा गुडघ्यावर बसलो. दोनदा उठलो.

चाचांच्या टेम्पोचा जॅक आणतो. चाचा नमाजला असतील. त्यांच्या गल्लीच्या अलीकडे, नाक्यावर, ठाण्याच्या रिक्षा— नाही, जॅकच आणायला चाललोय. पाच मिनिटांत येतो म्हटलं तिला. तोवर धर म्हटलं. मी सांगेपर्यंत. तोंडातून गेलंच.

ती हो म्हणाली.

दारात उभा राहून लिहितोय. बाहेर लख्ख ऊन आहे. ती वळून बघत नाही. दार ओढून घेतो, म्हणजे तो आवाज—