हालचाल ठीक

३० डिसेंबर २०२४, येळवस (वेळा अमावस्या)

आज अख्खा जिल्हा रानात जेवतोय. आमच्या निवासाच्या व्यवस्थापक उमादेवी मॅडमनीही सगळ्या म्हाताऱ्यांना टेम्पोत घालून जवळच्या एका शेतात नेलं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, पूजेला कडब्याची खोप, सगळं साग्रसंगीत. मी गेलो नाही. मशिनींचं पार्सल यायचं होतं आणि ते उतरवून घ्यायला जबाबदार माणूस पाहिजे.

पार्सल आलं नाही. मॅडमनी माझ्यासाठी डब्यात भज्जी आणली. गार झाली होती, पण चव होती.

एकदा स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं. नळदुर्गबाहेर हायवेला हे जे वृद्धनिवास आहे, त्यात मी राहतो, पण मी रहिवासी नाही. रहिवासी म्हणजे ज्यांना घरच्यांनी आणून सोडलं ते. मी तांत्रिक सल्लागार. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, म्हणून मॅडमच म्हणाल्या की काका, मशिनींकडं तुम्ही बघा. माझ्या मुलानं, युवराजनं, मला इथं आणून सोडलं हे खरं, पण ते त्याच्या पुण्याच्या फ्लॅटचं काम चालू होतं म्हणून. ते झालं. आता पडदे राहिले असतील.

३ जानेवारी २०२५

पार्सल आलं. कुणी दात्यानं दिलंय. छतात लावायचे सेन्सर आहेत, माणूस हलतो की नाही ते बघतात आणि पडला तर ओळखतात. गळ्यात घालायची बटणं आहेत, अडचण आली की दाबायची. शिवाय बोलणारे गोळ्यांचे डबे. या सगळ्याचा रिपोर्ट घरच्यांच्या मोबाईलवर जातो. सगळं नीट असेल तर हिरवी खूण आणि खाली ‘हालचाल ठीक’. नसेल तर लाल.

माझी योजना साधी आहे. युवराजला रोज माझा रिपोर्ट जाणार. वेळेवर उठले, चालले, गोळी घेतली. दोनेक महिने असा बिनचूक रिपोर्ट गेला की त्याच्या लक्षात येईल, अप्पांचा कुणाला काडीचा त्रास नाही. मग तोच म्हणेल, अप्पा, आता इकडं या. मी लगेच हो म्हणणार नाही. दोन दिवस घेईन.

संकल्प: रोज पहाटे फिरणे. फोन उशाशी घेऊन न झोपणे.

४ जानेवारी

फोन उशाशी घेऊन झोपलो. घड्याळ त्यातच आहे.

थंडी फार. फिरणं उद्यापासून.

९ जानेवारी

सेन्सर बसले. स्टुलावर चढायला मॅडमनी मला मनाई केली, म्हणून खालून सूचना दिल्या. वायरमननं एकही ऐकली नाही, तरी सेन्सर बसले.

संध्याकाळी युवराजशी बोलणं झालं. म्हणजे मिसकॉल. आमचं ठरलेलं आहे. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, उचलायचं नाही. तो शिकायला पुण्यात होता तेव्हा खर्च नको म्हणून सुरू केलं होतं. आता बोलणं फुकट झालंय, पण शिस्त ती शिस्त. आजची रिंग जरा लांबली. खुशीत असावा.

१४ जानेवारी, संक्रांत

समोरच्या खोलीतल्या कमलबाई, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या. सकाळी त्यांच्या बटणाची घंटा ऑफिसात वाजली आणि लगेच बंद पडली. मॅडम पदर खोचून पळाल्या, मागं मी. बाई खाटेवर बसून तिळगूळ वळत होत्या. म्हणाल्या, “मिसकॉल दिला, तिळगूळ घ्याय या म्हनून.”

मी त्यांना तातडीची अडचण म्हणजे काय ते नीट समजावलं. त्या म्हणाल्या, तातडीचंच आहे, चहा गार व्हायलाय. शिवाय बटण दाबून ताबडतोब सोडलं की पैसे लागत नाहीत असं त्यांनी ठरवून टाकलंय. दुपारपर्यंत ही युक्ती सगळ्या इमारतीत पसरली. आता जो तो दाबतो आणि सोडतो. जेवण झालं का, एक मिसकॉल. गवळी आला, एक मिसकॉल. मॅडमनी कपाळाला हात लावलाय.

सिस्टिम लोकांनी आपली मानली, हे मात्र यश म्हणावं लागेल.

२३ जानेवारी

गोळ्यांच्या डब्यातून एक बाई हिंदीत बोलते, कृपया दवा लीजिए. कमलबाई तिला उत्तर देतात. घेते गं माय म्हणतात, आणि गोळी गिळून झाली की गुडघ्याचं सगळं सांगत बसतात. मी म्हणालो, अहो ते यंत्र आहे, त्याला ऐकू येत नाही. त्यावर म्हणाल्या, “ऐकत नसंल तर नसू द्या. इचारती तरी रोज.”

अशास्त्रीय दृष्टिकोन. मी स्वतः डब्याशी बोलत नाही. काल फक्त ‘घेतली’ एवढंच म्हणालो. त्याला बोलणं म्हणत नाहीत, त्याला रिपोर्टिंग म्हणतात.

१ फेब्रुवारी

माझे रिपोर्ट उत्तम. एकही लाल नाही.

युवराजचा मिसकॉल बरेच दिवस नाही. शेवटी मीच फोन केला. मीटिंगमध्ये होता, नंतर मेसेज आला. अप्पा, ॲपवर रोज दिसतंय ना, हालचाल ठीक म्हणून. मस्त सिस्टिम आहे. आता मिसकॉलची भानगडच नको.

बरोबरच आहे. जुनं तंत्रज्ञान जायचंच. आणि त्यानं रिपोर्ट उघडला की माझ्या मोबाईलवर ‘पाहिलं’ असं येतं. आज सकाळी आलं. म्हणजे भेट झाल्यासारखंच.

संकल्प: ‘पाहिलं’ आलं का ते सारखं न बघणे.

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आणखी चांगला व्हावा म्हणून खोलीतच फिरतो. बाहेर फिरलेलं सेन्सरला दिसत नाही, मग उपयोग काय? खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. शेजारच्या खोलीतले खाजामियाँ, नळदुर्गचे जुने टेलर, दारात येऊन बघत उभे राहिले. काही हरवलंय का विचारलं. नाही म्हणालो.

आज ‘पाहिलं’ आलं नाही. रविवार आहे. झोपला असेल.

१६ फेब्रुवारी

मोठा गोंधळ. खाजामियाँच्या खोलीतला सेन्सर मी काल जरा जास्त तिखट करून ठेवला होता. पहाटे त्यांनी नमाजात जमिनीला कपाळ टेकलं आणि सेन्सरनं घरी कळवलं, पडले. दोनदा कळवलं. त्यांची मुलगी मेहनाज सोलापूरला असते. तिनं फोन केला तर हे नमाजात, उचलणार कोण? पहिल्या एसटीनं आली. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बापाला धडधाकट चहा पिताना पाहिलं आणि व्हरांड्यातच रडली. मग हसली. मग संध्याकाळपर्यंत राहिली. त्यांची नखं कापली, उशीचे अभ्रे धुतले, आणि दोघं बापलेक उन्हात बसून कुणाकुणाच्या नकला करत होते.

ती गेल्यावर मी सेन्सर ताबडतोब दुरुस्त केला आणि खाजामियाँना तसं सांगितलं. मला वाटलं आभार मानतील. ते म्हणाले, “शरणप्पासाब, इतकी जल्दी काय हुती दुरुस्तीची?”

यावर विचार करतोय.

२ मार्च

रमजान लागला. मेहनाज खाजामियाँना महिनाभरासाठी घेऊन गेली. शेजारची खोली बंद.

हर्षालीच्या, म्हणजे सुनेच्या, स्टेटसवर फ्लॅटचे फोटो पाहिले. पडदे लागलेत. मोरपंखी. चांगले आहेत. एका खोलीत नुसती सायकल आहे, जागच्या जागी चालवायची. ती बाल्कनीत सहज मावेल. हे मी फोनवर सांगणार होतो, पण आपण होऊन सांगणं बरं दिसत नाही.

करमत नाही. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे? दिवसभर हायवेला ट्रक जातात आणि सगळे कुठंतरी पोचतात.

१० मार्च

एक गंभीर त्रुटी लक्षात आली. आपण सिस्टिमची हिरवी बाजू तपासली, लाल बाजू तपासलीच नाही. माझी तरी नाही. खाजामियाँची तपासून झाली आणि निकाल उत्कृष्ट आला. तेव्हा उद्या सकाळी मी उठणार नाही. निव्वळ चाचणी. मॅडमना कल्पना दिलीय, घाबरू नका म्हणून. त्या बरं काका म्हणाल्या.

युवराजला रिपोर्ट दिसला की तो निघणार. गाडी आहेच. दुपार टळायच्या आत पोचेल. आलाच आहे तर जेवून जाईल. कमलबाईंना शेंगांची चटणी कुटायला सांगितलीय, त्याला खलबत्त्यातलीच लागते. बॅगेची चेन अडकत होती, तिला मेण लावून ठेवलं. चेन नीट असलेली बरी, एवढंच.

११ मार्च, पडून

उठलेलो नाही. पडल्या पडल्या लिहितोय. सेन्सर बोटांकडं बघत नाही.

गोळ्यांचा डबा बोलला. उत्तर दिलं नाही.

नाकावर माशी. हललो नाही. खात्यात असताना खांबावर गांधीलमाशा सोसल्यात.

लघवीला लागली.

लाल गेलं. मोबाईलवर दिसलं. लगेच खाली ‘पाहिलं’. पाहिलं त्यानं! आता निघाला असेल.

फोन नाही. गाडी चालवताना फोन करू नये, ते मीच त्याला शिकवलंय.

पुन्हा लाल. पुन्हा पाहिलं.

११ मार्च, रात्री

युवराजचा फोन आला. मिसकॉल नाही, पूर्ण रिंग. उचलला. बरंय ना, विचारलं. मी म्हणालो, बरंय. मग म्हणाला, “अप्पा, ते लाल सारखं वाजतंय. मीटिंगमध्ये लई ऑकवर्ड होतं. ते बंद कसं करायचं?”

तांत्रिक प्रश्न होता आणि मला उत्तर येत होतं. सेटिंगमध्ये जा, सूचनांमध्ये जा, तिथं माझं नाव दिसेल, त्यापुढचं बटण डावीकडं सरकव. त्याला सापडेना. पुन्हा सांगितलं. मध्ये हर्षाली काहीतरी बोलली, तेही ऐकू आलं. परत पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. अगदी सावकाश. शेवटी जमलं त्याला. म्हणाला, थँक्स अप्पा, तुम्ही भारी आहात.

इतकं आम्ही कितीतरी महिन्यांत बोललो नव्हतो.

जेवताना कमलबाईंनी चटणी वाढली आणि पोरगा कुठाय विचारलं. कामात अडकला म्हणालो, पण फोन आला होता, फार वेळ बोलला.

१८ मार्च

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सूचना बंद करता येतात ही बातमी सगळ्या रहिवाशांच्या घरी पोचली. कुणाची सून विचारते, कुणाचा जावई. मॅडमनी वैतागून माझा नंबर देऊन टाकला. आज सकाळपासून फोन खाली ठेवायला सवड नाही. सेटिंग, सूचना, डावीकडं. सगळ्यांचं काम करून दिलं. एकजण तर म्हणाला, काका, तुमच्यासारखा माणूस तिथं आहे म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.

खात्यातसुद्धा मला एवढी मागणी नव्हती. रात्री फोन उशाशी ठेवला नाही, हातातच होता.

२१ मार्च

दुपारी गोरोबाचा फोन. गोरोबा म्हणजे कमलबाईंचा मुलगा, वाशीत दुकान आहे. आई दिवसभर ते गळ्यातलं बटण दाबती, इकडं गिऱ्हाइकासमोर वाजतं, ते बंद करायचंय. सांगितलं. पटकन जमलं त्याला. ठेवला.

कमलबाई शेजारीच बसून गवार मोडत होत्या. कुणाचा फोन विचारलं. मी बोलून गेलो, तुमच्या गोरोबाचा.

“मग मला का न्हाय दिला?”

घाईत होता म्हणालो. तुमचीच चौकशी करत होता.

त्यांचा हात थांबला. काय इचारलं म्हणाल्या. मी म्हणालो, आई जेवली का, गुडघा कसा आहे. बाईंचा चेहरा असा उजळला की मला तिकडं बघवेना. गुडघा बराय म्हनून सांगायचं की, म्हणाल्या. सांगितलं म्हणालो.

जरा वेळानं म्हणाल्या, “आन त्या दिशी तुमच्या युवराजनं काय इचारलं हुतं? लई येळ बोलला म्हनलाव.”

मी म्हणालो, तेच. जेवलात का, गुडघा कसा आहे.

माझ्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. ताटातली अर्धी गवार माझ्यापुढं सरकवली. मी मोडायला लागलो.

युवराज मला न्यायला येणार नाही. घरात खोली आहे, पडदे लागलेत, मी कुणाला त्रास देत नाही हे त्याला रोज दिसतं, तरी येणार नाही.