पेमाबाईचा मोतीबिंदू पेमाबाईच्याच डोळ्यातून काढणेबाबत

प्रति,
मा. नेत्रविभाग प्रमुख,
गिरजाबाई स्मारक सरकारी दवाखाना, अकोला.

विषय : तिबेटी निर्वासित पेमा डोल्मा यांचे ऑपरेशन, यावेळी त्यांच्यावरच, होण्याबाबत.
संदर्भ : केसपेपर दि. १२ जानेवारी (नाव अर्जदाराचे, तक्रार पेमाबाईची).

महोदय,

१. अर्जदार देवराव नत्थुजी तायडे, राहणार जुने शहर, एसटीचे रिटायर कंडक्टर. आपल्या शब्दावर उघडत नाही अशी एक खिडकी सरकारी दवाखान्यात नाही, असे अर्जदाराने ७ जानेवारीला पेमाबाईच्या स्वेटरच्या दुकानापुढे दहा-बारा गिऱ्हाइकांदेखत सांगितले होते. सदर वाक्य या अर्जाने मागे घेतले आहे.

२. पेमाबाई, वय ६८, दोन वर्षांची असताना बापाच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडून भारतात आली. राहते गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत. दर हिवाळ्यात स्वेटर विकायला अकोल्यात येते आणि अर्जदाराच्या पुढच्या खोलीत उतरते. यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मरून रंगाचा स्वेटर मागितला तर काळा देते. अर्जदाराची पत्नी दुर्गाबाई हिला तिने परवा ‘या भाऊ, मफलर घ्या’ म्हटले. ३१ तारखेला दुकान उठते. डोळे झाले नाहीत तर विणकाम बंद, आणि पुढच्या वर्षी दुकानही नाही.

३. केसपेपरच्या खिडकीवर पेमाबाईने निर्वासित नोंदणीचे पुस्तक दिले. त्यात अर्जदाराने उभ्या नोकरीत मारले नसतील इतके शिक्के आहेत. खिडकीवरील किशोरभाऊ म्हणाले, “काका, हे टाकाले कम्प्युटरात जागाच नाई. आधार आना.” आधार केंद्रावर गेलो. विणून विणून तिच्या बोटांचे ठसे घासलेले, मशीन घेईना. मग डोळे लावले. केंद्रवाला म्हणाला, “आजी, आधी मोतीबिंदू काढून या, मंग डोळा घेतो.” परत खिडकी. “आधार आना.” असे चार वेळा झाले. ऑटोत पेमाबाई एवढेच म्हणाली, “देवरावभाऊ, चीननं मले एकदाच हाकललं होतं.”

४. तेव्हा किशोरभाऊंनीच मार्ग काढला. “तुमचं आधार द्या काका, पर्ची तर निघू द्या. डॉक्टर डोळा पाह्यते, नाव कोन पाह्यते?” अर्जदाराने दिले. घरी दुर्गाबाई म्हणाली, “तीस वर्षं दुसऱ्याच्या पासवाल्याले भर उन्हात गाडीखाली उतरवलं तुमी. आता सोताच्या पासवर दुसऱ्याले बसवून राह्यले?” अर्जदाराने तिला, बाईमाणसाला ऑफिसची कामे समजत नाहीत, असे सुनावले. हेही वाक्य मागे.

५. त्या पर्चीवर पेमाबाईला ऑपरेशनची २२ तारीख मिळाली. त्या दिवशी वॉर्डात सिस्टरने ‘देवराव तायडे’ असा पुकारा केला. नोकरीच्या सवयीने अर्जदार ‘हजर’ म्हणून उभा राहिला. त्याला हिरवा गाऊन घालण्यात आला. पेशंट ही बाई आहे, असे अर्जदाराने तीनदा सांगितले. सिस्टर म्हणाल्या, “घाबरले का सगळे असंच म्हनतात, बाबा. बायकोले पुढं करतात.” डॉक्टरसाहेबांनी अर्जदाराच्या डाव्या डोळ्यात बॅटरी मारली. “कच्चा आहे, पण आहे. यादीत नाव आहे तर काढून टाकू,” म्हणाले. काढला.

६. ऑपरेशन उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराला आता खाटेवरून किशोरभाऊंच्या मोबाईलवरचा पत्त्यांचा डाव दिसतो. पेमाबाईला ‘रुग्णाचा नातेवाईक’ असा पास मिळाला असून ती खाटेशेजारी बसते. या पासला आधार लागले नाही.

७. तरी विनंती की, निर्वासिताचे नोंदणी पुस्तक हाच ओळखीचा कागद धरून पेमाबाईचा केसपेपर तिच्या नावाने काढावा, व ३१ तारखेच्या आत निदान एक डोळा करून द्यावा. अर्जदाराचा उजवा डोळा आहे तसा राहू द्यावा.

आपला, सध्या एका डोळ्याने नम्र,
देवराव नत्थुजी तायडे
खाट क्र. १४, दि. २३ जानेवारी

सोबत : नोंदणी पुस्तकाची झेरॉक्स, आधार केंद्राची नकाराची पावती, अर्जदाराचा गाऊन (परत).

ता. क. : डोळ्यात थेंब टाकण्याचे काम नातेवाईकाकडे असल्याने आज सकाळी ते पेमाबाईने केले. थेंब कानात गेले. बाटली संपली आहे.