ट्रायल राहिलेला कोट

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अण्णांचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं. चार ओळी! नकाशे काढून काढून हात दुखतो का रे? असो. मी दुकान बंद केलं. घाबरू नकोस, मशीन घरी आणून खिडकीशी मांडलंय. काचबिंदू पुढे सरकतोय. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं जातंय, म्हणून परवा चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. तुझी ताई शाळेत शिकवायला जाण्याआधी दहा सुयांत दोरे ओवून ठेवते, तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले, तुझा एकही नाही. आता बेतलाय, राखाडी, तुला आवडतो तसा. पण तुझं माप चार वर्षांपूर्वीचं, आणि ट्रायलशिवाय कोट म्हणजे गोणपाट. डोळे आहेत तोवर चार दिवस ये. दुसरं काही नको.

पुढचं पत्र लांबलचक येऊ दे.
तुझे, अण्णा


२१ एप्रिल

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण उपाय सापडलाय! आमच्या कंपनीने यंदा नवीनच टूम काढलीय. पगारातला काही भाग रोख न देता सवलतींत द्यायचा, आणि त्या ज्याच्या त्याने निवडायच्या. बस, दुपारचं जेवण, रजा, आईवडिलांचा दवाखाना. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. वर्षातून एकदा फॉर्म भरायचा, मग पुढच्या एप्रिलपर्यंत त्यात बदल नाही. समजावून सांगणाऱ्या बाई इतक्या गोड हसत होत्या की वाटलं, आमचं लग्नच ठरवतायत.

मी सगळी रजा सोडली आणि तुमच्यासाठी दवाखाना घेतला. सोबत कार्ड आहे. मोठ्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून घ्या. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलंच नाही. पुढच्या एप्रिलला येतो, तेव्हा तुम्ही मला लांबूनच ओळखाल.

माया असू द्या.
आपला, धाकटा


१५ मे

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

शहाणाच आहेस! ताईने मला हॉस्पिटलात नेलं. थंडगार खोली, मऊ खुर्ची, हातात पाण्याचा ग्लास. तुझ्या कार्डाला मान मोठा. डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि सांगितलं की ऑपरेशनची वेळ टळून गेलीय, नस वाळलीय, उरलेलं थंडीपर्यंत जाईल. हे मला आपल्या गल्लीतल्या डॉक्टरने जानेवारीतच सांगितलं होतं. ताईलाही बोललो नव्हतो. तू विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं.

चार दिवस मागितले होते रे मी. तू वर्षभराचा दवाखाना धाडलास. रागावलोय, पण तुझ्यावर नाही. कुणावर ते सापडत नाही. बघ, ती रजा परत मिळते का. कोट कच्च्या टाक्यांवर टांगून ठेवलाय.

अण्णा


६ जून

ती. अण्णांना, शि. सा. न.

त्या बाईंकडे तीनदा जाऊन आलो. आता हसत नाहीत. फॉर्म एप्रिलशिवाय साहेबांसाठीसुद्धा उघडत नाही म्हणाल्या. बिनपगारी रजा विचारली. आमच्यातल्या दोघांनी घेतली होती, परत आले तर त्यांच्या खुर्च्यांवर दुसरी माणसं. तिकडे यायला दोन दिवस, परतायला दोन, एका रविवारात कसं भागवू? मला स्वतःची लाज वाटते, अण्णा. एवढी अक्कल चालवली ती नेमकी चुकीच्या जागी.

खोलीतल्या सोबत्याने माप घेतलंय. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस, खांदा आणि बाही खाली लिहिली आहे. यावरून शिवून पाठवा, मी घालून फोटो पाठवीन.

तुमचा, धाकटा


२८ जून

चि. धाकट्या,

तुझ्या सोबत्याला टेप धरता येत नाही असं धरून चाललो होतो. पण खांदा आणि बाही जुन्या मापाशी तंतोतंत जुळली. म्हणजे टेप बरोबर आहे. मग छातीचे दोन इंच आणि कंबरेचे तीन गेले कुठे? फॉर्मवर दुपारचं जेवणही सोडलंस ना? गाढवा, चाळीस वर्षं मी माणसं टेपने वाचलीत, तू मला फसवणार!

या मापाचा कोट मी शिवणार नाही. हे माझ्या मुलाचं माप नव्हे. जुन्या मापाचा बेतलाय तसाच राहील. या ओळी वाकड्या जातायत, सांभाळून घे.

अण्णा


३ एप्रिल

ती. अण्णा आणि ताई,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म उघडला! पहिल्याच दिवशी भरला. दवाखाना, बस, जेवण सगळं सोडलं आणि मिळेल तेवढी रजा घेतली. अख्खा महिना! वीस तारखेला निघतो. ट्रायल दिल्याशिवाय हलणार नाही. थंडीपासून पत्रं ताईच्याच अक्षरात येतात. ताई, तू डोळ्यांचं काहीच लिहीत नाहीस.

वाट बघा.
धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. डोळ्यांचं लिहीत नव्हते, कारण लिहिण्यासारखं उरलं नव्हतं. डिसेंबरात त्यांना खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, आता तेही नाही. मी मात्र अजून सकाळी सुया ओवायला बसते आणि तिसऱ्या-चौथ्या सुईला लक्षात येतं.

काल त्यांनी कोट मागितला. मला वाटलं, हात फिरवून बघायचा असेल. त्यांनी बोटांनी चाचपत सगळे कच्चे टाके उसवले, तुकडे एकावर एक ठेवले, घडी घातली आणि मला ट्रंकेत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून शिवून घेऊ म्हटलं, तर त्यांनी ट्रंकेचं झाकण स्वतःच लावून टाकलं. मी रडले, लपवत नाही.

तुला कळवायला सांगितलंय की आता घाई नाही. कधीही आलास तरी त्यांना सारखंच. फॉर्म बंद व्हायला दिवस उरले असतील तर रजा परत कर आणि दुपारचं जेवण घे, असं दोनदा बजावलंय.

आहे तो लोभ तसाच ठेव.
तुझी, ताई